रेडिओ केंद्राचा ऑनलाइन प्लेयर: वेबसाइट, कॉम्प्युटर, मोबाईल (कामाच्या नोंदी)

५ मे २०२५

सातारा जिल्ह्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्राचं काम घेतलंय. सामुदायिक केंद्राला १०० वॉटची मर्यादा असते, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरच्या पुढे आवाज पोचत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांतले बरेचजण मात्र वाशीच्या मार्केटात, पुण्याच्या कंपन्यांत नाहीतर आखातात. केंद्राची मागणी एकच: ६ जुलैला आषाढी आहे, त्या दिवशी गावच्या विठ्ठल मंदिरातलं कीर्तन बाहेरगावी असलेल्यांना फोनवर, कॉम्प्युटरवर, जमेल तिथे ऐकू आलं पाहिजे.

आत्ता साइटवर प्लेयरच्या जागी एक करडा चौकोन आहे. फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये आवाज-चित्र चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) प्लेयर होता. ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच अडवलं. म्हणजे हे बटण चार वर्षांहून जास्त काळ मेलेलं आहे आणि स्ट्रीमचं, म्हणजे इंटरनेटवरून सलग सोडलेल्या आवाजाचं, वार्षिक भाडं मात्र वेळेवर जातंय. स्ट्रीम भाड्याचा आहे, शाउटकास्ट या आवाज वाटणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर.

८ मे

सगळ्यांत सोपं आधी करून पाहिलं. एचटीएमएलचा साधा ऑडिओ टॅग (वेबपानात आवाज वाजवायची तयार खूण) टाकला आणि त्यात जुन्या स्ट्रीमचा पत्ता दिला. व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या प्लेयरमध्ये वाजतंय, ब्राउझरमध्ये चिडीचूप.

कारणं दोन निघाली आणि दोन्ही वेगवेगळी. साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणी), स्ट्रीम साध्या एचटीटीपीवर (उघडी जोडणी). क्रोम ८० व्या आवृत्तीपासून अशा पानावरचा आवाजाचा पत्ता परस्पर एचटीटीपीएस करून मागतो, आणि समोरून उत्तर आलं नाही की गप्प बसतो. पानावर काहीच दिसत नाही, चूक फक्त कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत, उमटते. दुसरं कारण शाउटकास्टचं. त्याच्या पहिल्या आवृत्तीला समोर ब्राउझर आहे असं वाटलं की ती आवाजाऐवजी माहितीचं पान पाठवते. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि अर्धविराम लावला की आवाज देते. ही युक्ती जुन्या लोकांना पाठ असते, नव्याला तासभर छळते.

अर्धविरामाने दुसरा प्रश्न सुटला, पहिला नाही. भाड्याने स्ट्रीम देणाऱ्या कंपनीला विचारलं तर एचटीटीपीएस "वरच्या प्लॅनमध्ये" आहे म्हणे. वरचा प्लॅन स्वतःच्या सर्व्हरपेक्षा महाग पडतोय.

१२ मे

स्वतःचा सर्व्हर घेतला. एक प्रोसेसर, एक जीबी मेमरी, महिना साधारण साडेपाचशे रुपये. डोमेन केंद्राचंच आहे, त्याच्या पुढे "ऐका" असा उपपत्ता जोडला. हे आधी करा. लोकांना कायम आपल्याच डोमेनवरचा पत्ता द्यावा, मागे सर्व्हर कितीही बदलो. जुना पत्ता कंपनीच्या डोमेनवर होता, आता तो लोकांच्या फोनमधून काढायचा कसा?

सर्व्हरवर आइसकास्ट बसवला, म्हणजे एकीकडून आवाज घेऊन तो अनेक श्रोत्यांना वाटणारा प्रोग्राम. केंद्राच्या मिक्सरमधून आवाज एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये येतो, तिथून बट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर तो आइसकास्टला पाठवतं.

बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्यावर, जरा वेळ घालवला, कारण इथे पैसे श्रोत्याचे जातात. १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबी लागतात, ६४ ला २९, ३२ ला १४. दिवसाला दीड जीबीचं पॅक असलेला माणूस सकाळपासून रेडिओ लावून ठेवतो, त्याला १२८ परवडणार नाही. ३२ ला एचई-एएसी (कमी डेटात आवाज बसवणारी पद्धत) नव्या फोनवर छान वाजला. केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र निवेदिका ताईंचा आवाज चादरीआडून आल्यासारखा. त्या प्लेयरला एएसीच्या वरच्या थराचं उलगडणं येत नव्हतं, तो नुसता खालचा थर वाजवत होता. बिघाड आहे हे कळतही नाही अशा प्रकारचा बिघाड मला नको. शेवटी ६४ केबीपीएस, मोनो, एमपी३. बोलणं, ओव्या, भजन यांना पुरतो आणि गेल्या वीस वर्षांतल्या कुठल्याही यंत्रावर वाजतो. एमपी३चा परवान्याचा जाच २०१७ मध्येच संपला आहे.

एचएलएस ही आवाज पाठवण्याची दुसरी पद्धत का नाही, हे विचारलं जाईल. त्यात आवाजाचे तुकडे पाडून पाठवतात. ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्याची, आणि प्लेयर शेवटून तीन तुकडे मागे सुरू होतो. म्हणजे अठरा-वीस सेकंदांची पिछाडी. केंद्रावर दुपारी श्रोत्यांचे फोन घेतात. वीस सेकंद मागे ऐकणारा माणूस फोनवर आला की संभाषणाचं भजं होतं. आइसकास्टमध्येही पिछाडी आहेच. तो नव्या श्रोत्याला सुरुवातीला ६४ केबीचा साठा एकदम देतो, ६४ केबीपीएसला ते आठ सेकंद होतात. पण त्यामुळेच बटण दाबल्या दाबल्या आवाज येतो, म्हणून तो आकडा तसाच ठेवला.

१४ मे

आइसकास्ट मुळात ८००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर, बोलतो. कॉलेज, बँक, सरकारी कार्यालय अशा ठिकाणी हे पोर्ट सर्रास बंद असतं. म्हणून पुढे एनजिनएक्स (मागण्या घेऊन मागच्या प्रोग्रामकडे पोचवणारा वेब सर्व्हर) बसवला, एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र घेतलं, आणि सगळं ४४३ वरून, म्हणजे एचटीटीपीएसच्या नेहमीच्या पोर्टवरून, सोडलं. काम अर्ध्या तासाचं होतं.

दिवस गेला तो पुढच्या भानगडीत. एका स्वस्त फोनवर, कमी रेंजमध्ये, स्ट्रीम मागे मागे पडत गेला. दुपारच्या बातम्या संपल्या तरी फोनवर बातम्या चालूच. एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये मागून येणारा डेटा स्वतःकडे साठवतो, मेमरी भरली की डिस्कवर तात्पुरत्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलची मर्यादा एक जीबी. वेबपानाला हे ठीक. चालू रेडिओला म्हणजे मागे पडलेल्या श्रोत्याला शिळा आवाज जपून वाढणं. ही साठवण (प्रॉक्सी बफरिंग) बंद केली. आता फार मागे पडलेल्याला आइसकास्ट स्वतः तोडतो आणि तो ताज्या आवाजावर परत जोडला जातो.

एक तोटा: आता आइसकास्टच्या नोंदीत सगळे श्रोते एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, सर्व्हरच्या स्वतःच्या. कोण कुठून ऐकतंय ते एनजिनएक्सच्या लॉगमधून काढावं लागतं.

१९ मे

प्लेयर साइटवर लागला. एक गोल बटण, केंद्राचं नाव, खाली "आत्ता चालू" ची ओळ. आवाजाची पट्टी काढून टाकली. आयफोनवर जावास्क्रिप्टला, म्हणजे वेबपानातल्या कोडला, आवाज कमी-जास्त करताच येत नाही, पट्टी नुसती हलते. बाकीच्यांच्या फोनला बाजूला बटणं आहेत.

संध्याकाळी सरांनी केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "पहिल्याच दिवशी एवढे श्रोते!" आकडा खरंच मोठा होता. संशय आला म्हणून प्लेयरच्या सेटिंगमध्ये पाहिलं. प्रीलोड, म्हणजे डेटा आधीच आणून ठेवायची सोय, तसाच सोडलेला. त्यामुळे पान उघडलं की ब्राउझर बटण दाबण्याआधीच स्ट्रीमला जोडून घेत होता. शाळेचा निकाल बघायला संस्थेच्या साइटवर आलेला प्रत्येकजण श्रोता म्हणून मोजला जात होता आणि त्याचा डेटाही जात होता. प्रीलोडला "नन" (काही आणू नको) दिलं. आकडा झपकन खाली आला. सरांना सांगायचं काम ताईंवर सोपवलं.

२२ मे

साइट उघडल्याबरोबर रेडिओ सुरू व्हायला हवा, अशी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांची इच्छा. होत नाही आणि होऊही नये. सफारीने २०१७ पासून, क्रोमने ६६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०१८ पासून, माणसाने पानावर बोट लावल्याशिवाय आवाज सुरू करणं अडवलं आहे. गंमत अशी की ज्या साइटवर आपण वारंवार आवाज ऐकतो तिथे क्रोम सूट देतो, त्यामुळे पदाधिकाऱ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते एकदा झालंही आणि वाद वाढला.

कोडमध्ये एवढंच पाहा: प्लेची आज्ञा दिली की ती यशस्वी झाली का नाही हे नंतर कळतं. नाकारली गेली तर बटण परत "ऐका" वर आणा. नाहीतर बटणावर "थांबवा" लिहिलेलं आणि आवाज नाही, असं ध्यान होतं.

२६ मे

ताईंचा फोन: "दादा, मी थांबवून जेवायला गेले. परत लावलं तर मघाचंच चालू झालं."

ऑडिओ टॅगला स्ट्रीम आणि फाइल यांत फरक कळत नाही. पॉज म्हटलं की तो जागा धरून ठेवतो, मागे थोडं साठवून ठेवतो, आणि परत लावलं की तिथूनच सुरू करतो. मग साठा संपला की अडखळतो. चालू रेडिओला पॉज ही क्रियाच नको. "थांबवा" दाबलं की पत्ता काढून टाकायचा आणि लोडची आज्ञा द्यायची, म्हणजे जोडणी खरोखर तुटते. "ऐका" दाबलं की पत्ता नव्याने द्यायचा, शेवटी वेळेचा आकडा चिकटवून, म्हणजे ब्राउझर जुनं काही पुढे करत नाही.

हे केलं आणि मग फोन लॉक करून लॉकस्क्रीनवरच्या बटणाने थांबवून पाहिलं. तिथे पुन्हा जुनाच प्रकार, कारण ते बटण आपलं नाही, ब्राउझरचं. मीडिया सेशन नावाची सोय वापरून तिथलं प्ले आणि पॉजसुद्धा आपल्याच दोन क्रियांना जोडलं. त्याच सोयीत केंद्राचं नाव आणि ५१२ बाय ५१२ चं चित्र दिलं की लॉकस्क्रीनवर बोधचिन्ह दिसतं. केंद्रात सगळ्यांत जास्त कौतुक या चित्राचं झालं.

२ जून

"आत्ता चालू" ची ओळ. कार्यक्रमाचं नाव बटमधून स्ट्रीमसोबत जातं, आइसकास्ट ते आपल्या स्थितीच्या पानावर दाखवतो, आमचा प्लेयर दर पंधरा सेकंदांनी तिथून वाचतो. रोमन लिपीतलं नाव नीट आलं. देवनागरीत "शेतकऱ्यांसाठी" लिहिलं आणि पडद्यावर उमटली इंग्रजी लहान ए-ची लांबच लांब रांग: प्रत्येक ए-च्या डोक्यावर तिरपी रेघ, आणि त्याच्या शेपटीला कधी चार पायांचं गोल चिन्ह तर कधी जपानी येनची खूण.

हे चित्र ओळखीचं करून ठेवा, मराठीत काम करणाऱ्याला ते कुठे ना कुठे भेटतंच. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. समोरचा ते तीन बाइट लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) समजून सुटे सुटे वाचत असेल तर पहिला बाइट म्हणजे तो टोपीवाला ए. दुसरा बाइट देवनागरीत दोनच प्रकारचा असतो, म्हणून दोनच चिन्हं आलटून पालटून दिसतात. अशी रांग दिसली की मजकूर खराब झालेला नाही, नुसता चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय, एवढं नक्की.

आधी बटवर संशय घेतला, मग ज्या टेक्स्ट फाइलमधून नाव येतं तिच्यावर, मग वेबपानावर. ती फाइल तीन वेगवेगळ्या पद्धतींनी जतन करून पाहिली. दोष आइसकास्टच्या मूळ गृहीतकात होता: एमपी३ स्ट्रीम असेल तर सोबतचा मजकूर लॅटिन-१ आहे असं तो धरून चालतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आपल्या माउंटखाली (माउंट म्हणजे आइसकास्टवरचा एकेक स्ट्रीम) कॅरसेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, म्हणून यूटीएफ-८ लिहिलं की संपलं. एक ओळ.

३ जून

हे तांत्रिक नाही, पण यावर अडून बसायला लागेल. एफएमवर सिनेमाची गाणी लावण्याची परवानगी वेगळी आणि तीच गाणी इंटरनेटवर सोडण्याची वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड कलमाचा (ठरलेलं मानधन भरून गाणी लावण्याची सोय) आधार रेडिओ-टीव्हीला मिळतो. इंटरनेटवरच्या सेवेला तो मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात म्हटलं. केंद्राने स्वच्छ निर्णय घेतला: दुपारचा फर्माईशीचा तास फक्त एफएमवर. त्या वेळात नेटवर केंद्राने स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि गावातल्या भजनी मंडळांची भजनं. जुन्या संतांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, पण बाजारातल्या कॅसेटवरचं त्यांचं गाणं आहे. हा फरक दोन्ही ताईंना दोनदा समजावला.

५ जून

त्या ओव्यांसाठी दुसरा माउंट केला. लिक्विडसोप नावाचा प्रोग्राम सर्व्हरवरच बसून फाइली फिरवत ठेवतो. मुख्य स्ट्रीम थांबला की आइसकास्ट श्रोत्यांना आपोआप या दुसऱ्यावर नेतो आणि मुख्य परत आला की परत आणतो. फर्माईशीच्या वेळी केंद्रातून पाठवणं बंद करायचं, बस. वीज गेली तरी हेच कामाला येईल.

दोन गोष्टी फुटल्या. पहिली: बदल होताच क्रोमवर आवाज बंद, फायरफॉक्सवर चालू. ओव्यांचा स्ट्रीम ४८ हजार हर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) होता, मुख्य ४४.१ हजारांचा. वाटेत असा बदल झालेला क्रोमला पचत नाही. दोन्हीकडे सगळं सारखं हवं: एमपी३, ६४, मोनो, ४४.१.

दुसरी: "आत्ता चालू" ची ओळ अचानक कोरी. कुणी काही हात लावला नव्हता. आइसकास्टच्या जेसनमध्ये, म्हणजे स्थितीची माहिती तो ज्या मांडणीत देतो तिच्यात, एकच माउंट असेल तर "सोर्स" ही एक वस्तू असते, दोन झाले की ती यादी होते. कोड वस्तू शोधत होता. आता दोन्ही शक्यता धरून वाचतो. एक माउंट असतानाच ही तजवीज करून ठेवा, कारण फुटतं ते नेमकं वीज गेल्यावर.

९ जून

फोन आणि रेंज. या आठवड्याचा बहुतेक वेळ इथे गेला.

घरच्या वायफायवर ऐकत माणूस बाहेर पडतो, फोन मोबाईल डेटावर जातो, जुनी जोडणी मरते. ब्राउझरने "चूक झाली" असं सांगितलं तर बरं. बऱ्याचदा तो काहीच सांगत नाही. साठलेले काही सेकंद वाजतात आणि मग शांतता, बटण मात्र "थांबवा" दाखवत राहतं. ब्राउझरच्या सूचनांवर विसंबून भागत नाही हे कळल्यावर साधी राखण बसवली: दर तीन सेकंदांनी वाजलेली वेळ पुढे सरकली का बघायचं, आठ-नऊ सेकंद सरकली नाही तर पत्ता नव्याने द्यायचा. पहिल्यांदा दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, असं लांबवत. आणि प्रत्येक वेळी त्यात एखाद-दुसरा सेकंद यदृच्छया मिसळायचा, म्हणजे सर्व्हर बंद पडून उठला तर सगळे श्रोते एकाच क्षणी दारावर येऊन आदळत नाहीत.

टेबलावर उत्तम चाललं. खिशात नाही. पडदा बंद असलेल्या पानातली घड्याळं ब्राउझर मंद करतो. आवाज येत असलेल्या पानाला क्रोम त्यातून सूट देतो, पण आमचा प्रश्न सुरूच होतो आवाज थांबल्यावर. म्हणजे राखणदाराची गरज पडते नेमकी तेव्हाच त्याला झोप लागते. क्रोमवर पान लपलेलं आणि बराच वेळ शांत असेल तर घड्याळ मिनिटाला एकदाच वाजतं. त्यावर वेबपानात पूर्ण इलाज सापडला नाही. वाट पाहण्याची मर्यादा कमी करून, म्हणजे शांतता सुरू झाल्याबरोबर पहिला प्रयत्न करून, बऱ्याच वेळा निभावतं. आयफोनवर कधी निभावतं, कधी फोन बाहेर काढून बटण दाबावं लागतं. एचएलएस इथे खरंच सरस आहे, कारण तिथे प्रत्येक तुकडा वेगळा मागितला जातो आणि मध्ये जोडणी तुटल्याचं कुणाला कळत नाही.

१३ जून

कॉम्प्युटर. साइटवर दुसरं पान उघडलं की रेडिओ बंद पडतो, ही तक्रार पहिल्यापासून होती. वरून "वेगळ्या खिडकीत ऐका" असं बटण दिलं, छोटी खिडकी उघडते, ती चालू राहते. साधं आहे, टिकाऊ आहे.

केंद्रातल्या मॅडमना डेस्कटॉपवर चिन्ह हवं होतं. इलेक्ट्रॉन (वेबपानाचा कॉम्प्युटर प्रोग्राम करणारं साधन) वापरून प्रोग्राम बांधून पाहिला: एका बटणासाठी शंभर एमबीच्या वर, आणि त्यावर डिजिटल सही नसल्यामुळे विंडोज निळी पाटी दाखवून घाबरवतं. टाकून दिला. त्याऐवजी साइटलाच मॅनिफेस्ट (ॲपचं नाव, चिन्ह सांगणारी छोटी फाइल) जोडलं. क्रोम किंवा एजमधून "इन्स्टॉल" केलं की स्वतःची खिडकी, टास्कबारवर बोधचिन्ह, कीबोर्डवरचं प्लेचं बटणही चालतं. सर्व्हिस वर्कर (पानामागे राहून फाइली साठवणारा कोड) लिहिताना स्ट्रीमचा पत्ता त्याच्या तावडीतून वगळा. त्याला न संपणारी फाइल साठवायला लावू नका.

व्हीएलसीवाल्यांसाठी पीएलएस फाइल, म्हणजे प्लेयरला स्ट्रीमचा पत्ता सांगणारी फाइल, ठेवली. पाच-सहा ओळींची, लांबी उणे एक, म्हणजे शेवट नसलेली. केंद्राचं नाव त्यात रोमन लिपीतच दिलं. एका जुन्या प्लेयरमध्ये देवनागरी नावाचं परत तेच ए-ए-ए झालं आणि त्याच्याशी भांडायला आता वेळ नाही.

१७ जून

ग्रामपंचायतीच्या साइटवर आणि एका शिक्षकांच्या ब्लॉगवर प्लेयर हवा होता. आयफ्रेमची (एका साइटचं पान दुसरीच्या चौकटीत दाखवायची सोय) एक ओळ दिली, उंची ऐंशी पिक्सेल. दोन्हीकडे कोरी पट्टी. एनजिनएक्सला सुरक्षेच्या म्हणून ज्या ओळी जोडल्या होत्या त्यांत दुसऱ्या साइटच्या चौकटीत पान दाखवायला मनाई होती. फक्त प्लेयरच्या पानापुरती ती उठवली. दोन टॅबमध्ये दोनदा रेडिओ लागला तर आधीचा गप्प करायची सोयही याच दिवशी केली.

२४ जून

अँड्रॉइडच्या ॲपचं काम गेल्या आठवड्यापासून चालू आहे. मीडिया३ या अँड्रॉइडच्या संचातला एक्सोप्लेयर हा तयार प्लेयर घेतला. वेबवर ज्याने जीव खाल्ला ते इथे दोन-चार ओळींत होतं: फोन आला की थांब, हेडफोन उपटला की थांब, पडदा बंद असला तरी नेटवर्क जागं ठेव. मागे चालू राहण्यासाठी फोरग्राउंड सर्व्हिस (ॲप समोर नसतानाही चालणारा भाग) लागते आणि ती "मीडिया प्लेबॅक" प्रकारची आहे असं जाहीर करावं लागतं. अँड्रॉइड १४ पासून त्याची परवानगीही वेगळी लिहावी लागते, नाहीतर ॲप सरळ कोसळतं. प्ले कन्सोलला (गूगलकडे ॲप सोपवायची जागा) त्याचा छोटा व्हिडिओही द्यावा लागतो.

खरा वेळ गेला तो प्ले स्टोअरच्या नियमांत. नोंदणी २५ डॉलर, एकदाच. संस्थेच्या नावाने खातं काढायला डन्स क्रमांक (संस्थांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो संस्थेकडे नाही. वैयक्तिक खातं काढलं तर नव्या खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. बारा माणसं मिळाली. त्यातल्या निम्म्यांनी जो जीमेल दिला तो त्यांच्या फोनमध्येच नव्हता, मुलाने कधीतरी काढून दिलेला. आज चाचणी सुरू झाली. म्हणजे ८ जुलैच्या आधी काही होत नाही. आषाढी वेबवरच जाणार. ज्यांना ॲप हवंय त्यांनी परवानगीचं काम पहिल्या दिवशी सुरू करावं, कोड नंतर लिहिला तरी चालेल. आयफोनचं ॲप करत नाही, वर्षाला ९९ डॉलर केंद्राला झेपणारे नाहीत. "होम स्क्रीनवर जोडा" कसं करायचं त्याची चित्रं साइटवर ठेवली.

६ जुलै, आषाढी

पहाटे पूजा, मग काकडा, सकाळी नऊला कीर्तन. लिंक आदल्या रात्रीपासून ग्रुपांमध्ये फिरत होती.

साडेनऊच्या सुमाराला श्रोत्यांचा आकडा वर चढता चढता ९० च्या पुढे गेला आणि थबकला. ९६, ९८, ९७. सर खूश. मला तो आकडा शंभराच्या खाली घुटमळतोय हे पटेना. तेवढ्यात मुंबईहून कुणाचा तरी ताईंना मेसेज, "लागत नाही, नुसतं गोल फिरतंय." एनजिनएक्सच्या लॉगमध्ये नाकारलेल्या जोडण्यांची रांग लागलेली.

आइसकास्टच्या सोबत येणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये वरच लिहिलेलं असतं: क्लायंट १००. ती ओळ मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो. भरीला "आत्ता चालू" साठी दर पंधरा सेकंदांनी येणारी विचारणाही क्लायंट म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे श्रोते शंभरही होऊ शकत नव्हते. सर्व्हरला स्वतःला काही जड नव्हतं: शंभर श्रोते गुणिले ६४ म्हणजे साडेसहा एमबीपीएससुद्धा नाही.

मर्यादा हजार केली. एनजिनएक्सच्या जोडण्यांची मर्यादाही वाढवली. तिथे ७६८ होती आणि एका श्रोत्यामागे दोन जोडण्या खर्च होतात, एक बाहेरची, एक आतली. पण आइसकास्ट बंद करून परत चालू करायचा म्हणजे ऐकणारे सगळे तुटणार, आणि बुवा तर ऐन रंगात. ताईंनी खिडकीतून खूण केली, टाळ-मृदंगाचा गजर सुरू झाला, आणि तेवढ्यात केलं. आकडा शून्य. मग ११, ४०, ७०, पुढे शंभर ओलांडला. ९ जूनचा राखणदार कामाला आला. बहुतेकांना काही सेकंदांची शांतता जाणवली असेल. व्हीएलसीवाल्यांना मात्र स्वतः परत लावावं लागलं.

"आत्ता चालू" ची विचारणा दुसऱ्या दिवशी आइसकास्टवरून हलवली. सर्व्हर दर दहा सेकंदांनी एकदाच विचारतो आणि साधी फाइल लिहून ठेवतो, सगळे प्लेयर ती फाइल वाचतात.

१४ जुलै

ॲप सगळ्यांसाठी खुलं करायला पाठवलं, तपासणी चालू आहे. खरं सांगायचं तर घाई राहिलेली नाही, आषाढीला आलेले बहुतेकजण व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून थेट साइटवर आले.

काल प्रमाणपत्राचं पहिलं नूतनीकरण झालं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, ते आणणारा प्रोग्राम सर्टबॉट महिनाभर आधीच नवं आणतो. नवं आलं, पण एनजिनएक्स जुनंच दाखवत होता. नूतनीकरणानंतर त्याला रीलोड करण्याची (सेटिंग नव्याने वाचायला लावण्याची) सूचना जोडलेली नव्हती. जोडली. ती नसती तर ऑगस्टमध्ये एके दिवशी सगळीकडे आवाज बंद पडला असता आणि कारण शोधायला केंद्रात कुणी नसतं.

रीलोडने चालू श्रोते तुटत नाहीत, हे चांगलं. त्याचं कारण असं की एनजिनएक्सच्या जुन्या प्रक्रिया शेवटचा श्रोता जाईपर्यंत मागे थांबून राहतात. वेबपानाला ते दोन सेकंद असतात, रेडिओला दोन दिवससुद्धा. एक जीबीच्या सर्व्हरवर अशा प्रक्रिया साचू द्यायच्या नाहीत म्हणून त्यांना सहा तासांची मर्यादा घातली. तुटलेला प्लेयर आपला आपण परत जोडला जातो. फक्त व्हीएलसीच्या पानावर "आवाज थांबला तर परत प्ले दाबा" अशी ओळ वाढवली.